कॅप्टन (कुत्रा) आणि मागे उभे असलेले

आपल्या शहरात बघण्यासारखं काय आहे, हे पाहुणे आल्याशिवाय कळत नाही. पाहुणे गेल्यावर कळतं, की ते न बघताच आपण जास्त सुखात होतो.

माझे साडू सहकुटुंब आमच्याकडे मुक्कामाला आले आणि पहिल्याच सकाळी चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, की आता तुमचं शहर दाखवा. साडूंचा टायरचा धंदा आहे. चाकांमुळेच की काय, ते जगभर फिरलेले आहेत. ते कशाला नावं ठेवत नाहीत, ही त्यांची मोठी वाईट खोड. कुठलीही गोष्ट दाखवली की मान तिरकी करून ते नुसतं "छान आहे, आटोपशीर आहे" म्हणतात. आमच्या घरालाही ते आटोपशीरच म्हणाले होते.

आमचं शहर परक्या साहेबांनी वसवलेलं. साहेब केव्हाच जहाजात बसून गेले. इमारती जहाजात मावेनात म्हणून इथेच राहिल्या. त्यातल्याच एकीत आमच्या विमा कंपनीची कचेरी आहे, आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावर मी बसतो. पंख्याखाली नव्हे, पंख्याच्या जरा बाजूला. एवढी वर्षं त्या जिन्याने चढलो-उतरलो, पण तो बघायचा जिना आहे हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. लोक उतरताना वाटेत उभे राहून त्याचे फोटो काढायचे, तेव्हा मी "जरा बाजूला व्हा" म्हणायचो.

सहल दाखवायची तर दिमाखात दाखवावी, असं ठरलं. दिमाखाचं कारण घरातच होतं. आमच्या हिने, म्हणजे माझ्या बायकोने, लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत आपल्या बहिणीला सांगून टाकलं होतं, की यांचे आजोबा गव्हर्नरच्या बंगल्यावर मोठ्या जागेवर होते. हे तिला मी सांगितलं होतं, मला माझ्या वडिलांनी सांगितलं होतं. वडील म्हणत, "बाबांशिवाय त्या बंगल्यात पान हलत नसे." आमच्या दिवाणखान्यात आजोबांचा फोटो आहे, छातीपर्यंतचा. कोट, बंद गळा, ताठ मान आणि डावा कान वरच्या बाजूला दुमडलेला. तो कान आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. इस्टेटीपैकी तेवढंच माझ्या वाट्याला आलं.

बंगल्याचं आता संग्रहालय झालंय. तेव्हा सहलीचा शेवट तिथे करायचा, असा बेत.

बेत शेजाऱ्यांना कळायला वेळ लागत नाही. समोरच्या दारातले नकाशेवाले आयुष्यभर सरकारी कचेरीत नकाशे काढत होते. त्यांनी लाल पेन्सिलीने आमच्या फेरीचा नकाशा काढून दिला. वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी तो उलटा धरून बघितला आणि सांगितलं, की सुरुवात साहेबांच्या कबरस्तानापासून करा, सकाळी तिथे सावली असते. नकाशेवाल्यांना ते झोंबलं. पाहुण्यांना सकाळी उठून कबरी दाखवणार का, म्हणाले. दोघांची माझ्या दारात चांगलीच जुंपली. अखेर दोघांची मनं राखायची म्हणून मी नकाशा एकाचा घेतला आणि सुरुवात दुसऱ्याची घेतली. त्यामुळे आम्ही दिवसभर नकाशाच्या उलट दिशेने हिंडलो.

कबरस्तानात सावली होती, पण कुलूपही होतं. जुन्या कस्टम हाउसच्या दारावर 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी होती आणि ती पाटीच दुरुस्तीला आली होती. घड्याळाच्या मनोऱ्यावर चढता येतं म्हणून मी सगळ्यांना रांगेत उभं केलं. आमचा नंबर लागला तेव्हा कळलं, की ही रांग शेजारच्या बँकेची आहे.

किल्ल्यावर मात्र माझ्या वर्मी बसलं. शहरातल्या रहिवाशांसाठी पुढचं दार आणि बाहेरच्यांसाठी वळसा घालून मागचं, असा तिथे नियम आहे. मी पुढच्या दाराशी गेलो. पहारेकऱ्याने माझं ओळखपत्र बघितलं. त्यावर पत्ता जुना होता, आणि तो मोहल्ला शहराच्या हद्दीत यायच्या आधीचा. नियमाप्रमाणे मी बाहेरचा ठरलो. मी इथेच जन्मलो, म्हटलं. तो म्हणाला, जन्माबद्दल नियम नाही. एवढ्यात साडू पांढरी टोपी घालून, "काय, व्यवस्था ठीक आहे ना?" असं पहारेकऱ्याला विचारत पुढच्या दारातून आत गेले. पहारेकऱ्याने त्यांना सलाम ठोकला. मी वळसा घालून किल्ल्यात शिरलो तेव्हा साडूंचा किल्ला बघून झाला होता. आटोपशीर आहे, म्हणाले.

अशा रीतीने, पाय दुखत आणि मान अर्धी खाली, आम्ही बंगल्यावर पोहोचलो.

तिथली जमीन संगमरवरी आहे. तिला ओरखडे पडू नयेत म्हणून बुटांवर कापडी पिशव्या चढवाव्या लागतात. त्या पिशव्या घालून चालणं म्हणजे चालणं नव्हे, वाहून जाणं. साडू एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत वाहत गेले आणि मी त्यांच्या मागे इतिहास सांगत वाहत गेलो. इथे आजोबांची कचेरी असणार, या खिडकीत ते उभे राहत असणार, असं मी अंदाजाने पण ठामपणे दाखवत होतो. मेहुणी कौतुकाने मान हलवत होती. दिवसभरात पहिल्यांदाच मला बरं वाटत होतं.

मग जेवणाचं दालन आलं. लांबलचक टेबल, चांदीची भांडी आणि भिंतीवर दारापेक्षा मोठा केलेला एक जुना फोटो. याच टेबलाभोवती साहेबमंडळी बसली आहेत. पायाशी एक कुत्रा. आणि मागे, हातात तबक घेऊन, एक माणूस उभा आहे. सगळ्यांच्या पायांत चकचकीत बूट, त्याचे पाय तेवढे अनवाणी.

साडू फोटोसमोर थांबले. फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे बघितलं. मग अगदी निर्मळ मनाने हसत म्हणाले, "साडूभाऊ, हा तबकवाला तुमच्यासारखा दिसतो हो. कानसुद्धा तसाच."

मी हसलो. मेहुणी हसली. दालनातला पहारेकरीही जवळ आला आणि माझ्या कानाकडे बघून हसला. ही मात्र हसली नाही. दिवाणखान्यातल्या फोटोवरची धूळ इतकी वर्षं तीच पुसत आलीय. ती माझ्या बाहीला धरून हळूच म्हणाली, "अहो, हे आजोबा आहेत."

हळू म्हणाली, पण त्या दालनाचं छत घुमटाचं आहे.

खाली पाटी होती. मी ती वाचली, कारण दुसरीकडे कुठे बघायची सोय नव्हती. 'गव्हर्नरसाहेब, त्यांच्या पत्नी, आरमाराचे प्रमुख, पाद्री आणि कॅप्टन (कुत्रा). मागे: नोकर.' आरमारातला कुणी कॅप्टन समजू नये म्हणून 'कुत्रा' मुद्दाम कंसात घातलं होतं. एवढी काळजी घेतली होती कुत्र्याची.

वडील खोटं बोलत नव्हते. बाबांशिवाय त्या बंगल्यात पान हलत नसणारच. पानं वाढायचं आणि उचलायचं कामच त्यांच्याकडे होतं.

आम्ही टॅक्सीने घरी आलो. जेवताना साडूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि कुठलंही काम हलकं नसतं, असं सांगितलं. ज्या कामाला कुणी हलकं म्हणत नाही, त्याच्याबद्दल हे वाक्य कधी बोललं जात नाही. दोन दिवसांनी ते गेले. जाताना त्यांनी दिवाणखान्यातल्या फोटोला नमस्कार केला. आल्या दिवशी केला नव्हता.

खरं तर मी तिथेच थांबायला हवं होतं. पण मला तो कुत्रा झोप लागू देईना. नोकर तर नोकर. माणसाला नाव होतं आणि ते मला माहीत होतं. ते पाटीवर यायला हवं, एवढीच माझी मागणी. रजा टाकून मी संग्रहालयाच्या कचेरीत गेलो.

तिथे नोंदी ठेवणाऱ्या बाई होत्या. फार सभ्य बाई. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि पाटीत दुरुस्ती हवी असेल तर अर्ज करावा लागेल, म्हणाल्या. अर्जात शुद्धलेखनाची चूक आणि तारखेची चूक अशा दोनच जागा होत्या. माझी चूक दोन्हींत बसेना. मी माझा कान दाखवला. बाईंनी चष्मा लावून तो नीट बघितला, आणि चेहरा हा पुरावा धरता येत नाही, कानाबद्दल विचारून सांगते, म्हणाल्या.

मग मी मनातलं बोललो. म्हटलं, कुत्र्याचं नाव तुम्ही कोणत्या पुराव्यावर लिहिलंत?

"त्याच्या गळ्यातल्या पट्ट्यावर लिहिलेलं दिसतं ना," त्या म्हणाल्या. "तुमच्या आजोबांच्या गळ्यात..." आणि त्या थांबल्या. भल्या बाई होत्या, म्हणून थांबल्या. माझ्यासाठी पाणी मागवलं.

शेवटी एक मार्ग निघाला. त्या माणसाला प्रत्यक्ष पाहिलेलं कुणी हयात असेल आणि त्याने फोटोसमोर उभं राहून ओळख पटवली, तर नाव लागेल.

मी आधी चुलतभावाला फोन केला. म्हटलं, दादाला आनंद होईल.  त्याने मला समजावलं, की त्याच्या मुलीच्या सासरी आपले आजोबा गव्हर्नरचे चिटणीस होते, आणि ती माणसं दर सुटीत संग्रहालयं बघतात. नाव लावायचं सोड, तो फोटोच उतरवून घेता येईल का बघ, म्हणाला. हवं तर त्यासाठी तो माझ्याबरोबर यायला तयार होता.

शेजाऱ्यांचा सल्ला चालूच होता. दंतवैद्य म्हणाले, दातांवरून ओळख हमखास पटते, पण आजोबांनी फोटोत तोंड मिटलेलं आहे. तोंड उघडायची त्यांना परवानगी नसणार, असं मी म्हणालो नाही. नकाशेवाल्यांचा भाचा वर्तमानपत्रात होता. माझ्या परवानगीची वाट न बघता त्यांनी त्याला कळवलं आणि एका सकाळी बातमी आली: 'गव्हर्नरांच्या फोटोतील व्यक्तीचे नातू आपल्याच शहरात'. बातमीत आजोबांचं काम सांगायला भाचा विसरला होता. लोकांनी आपापल्या सोयीने अर्थ लावला. कचेरीत गेलो तर आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. तुमच्या नाकात मला वाटतंच होतं काहीतरी, म्हणाले. माझं टेबल पंख्याखाली सरकवायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी खुलासा छापून आला: 'सदर गृहस्थ गव्हर्नरांचे नव्हे, तर त्यांच्या नोकराचे नातू आहेत. चुकीबद्दल दिलगीर आहोत.' दिलगिरी कुणाकडे व्यक्त केली होती ते कळलं नाही. बहुधा गव्हर्नरांकडे.  कचेरीत माझं टेबल होतं तिथेच राहिलं. संध्याकाळी घरी जाताना साहेब माझ्यापाशी थांबले आणि ती खिडकी जरा लावून घे, म्हणाले. त्यांनी मला खिडकी लावायला सांगायची ही पहिलीच वेळ होती. एरवी ते अहो-जाहो करायचे. मी खिडकी लावली.

एवढं झाल्यावर आता मागे हटणं शक्य नव्हतं. आजोबांना पाहिलेलं एकच माणूस उरलं होतं: माझी आत्या, वडिलांची धाकटी बहीण. नव्वदी केव्हाच ओलांडलेली, पायाने अधू, डोक्याने आमच्या सगळ्यांपेक्षा धड. लेकीकडे असते. मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. फोटो, तबक, अनवाणी पाय, कुत्रा. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "कधी जायचं?" आणि लेकीला चांगली साडी काढायला सांगितली.

संग्रहालयात चाकाची खुर्ची आहे, पण जेवणाचं दालन वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट फक्त वस्तूंसाठी. माणसांना त्यात बंदी. लिफ्टवाला ऐकेना. नोंदीच्या बाई स्वतः खाली आल्या आणि त्यांनी तोडगा काढला: आत्याची वस्तू म्हणून आवक दाखवायची. चिठ्ठी तयार झाली. नग एक, प्रकार नाजूक. लिफ्टवाल्याने चिठ्ठी घेऊन आत्याला निरखून बघितलं आणि तिच्या दोन्ही बाजूंना गवताने भरलेली पोती लावली, धक्का बसू नये म्हणून. आम्ही जिन्याने धावत वर गेलो. लिफ्टचं दार उघडलं तेव्हा आत्या पोत्यांच्या मध्ये, जरीच्या साडीत, ताठ बसली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती म्हणाली, "चल, ढकल."

फोटोसमोर बाई होत्या, दोन पहारेकरी होते, ही होती, आत्याची लेक होती. शिवाय खुलासा वाचून आलेले चारदोन रिकामटेकडे. मी खुर्ची अगदी जवळ नेली. आत्याने चेहऱ्याकडे एकदाच बघितलं. नंतर तिची नजर खाली गेली आणि पायांवर थांबली, ती बराच वेळ तिथेच. कुणीतरी खोकलं.

बाईंनी अदबीने विचारलं, की यांना ओळखता का.

"नाही," आत्या म्हणाली. "हे आमचे बाबा नव्हेत."

मी म्हटलं, आत्या, नीट बघ, कान बघ. ती म्हणाली, कान काय, कुणाचाही असतो. बाईंनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने, घुमटात घुमेल असं. बाईंनी अर्जावर काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे न बघता कागद मिटला. रिकामटेकड्यांपैकी एकजण दुसऱ्याला म्हणाला, की हल्ली लोक कुणाशीही नातं जोडतात. म्हणजे आता मी नोकराचाही नातू नव्हतो. आजोबांच्या बाबतीत माणसाची यापेक्षा जास्त शोभा होत असेल असं मला वाटत नाही.

टॅक्सीत मी पुढे बसलो होतो, कारण मला तिच्याकडे बघायचं नव्हतं. अर्धं शहर मागे पडेपर्यंत मी दम धरला. मग विचारलं, की तुला दिसलं नाही का.

"दिसलं," ती म्हणाली.

"मग?"

"बाबा आम्हाला सांगायचे, मी तिथे कचेरीत काम करतो. बसून. रोज घरी आले की म्हणायचे, आज बसून बसून पाठ धरली. आणि आम्ही दोघी बहिणी त्यांचे पाय चेपायचो. एवढाले सुजलेले असायचे. बसून काम करणाऱ्याचे पाय सुजतात होय रे? आईला कळत होतं. मला कळत होतं. तुझ्या बापालाही कळत असणार. पण कुणी बोललं नाही. पाठ धरली म्हणायचे म्हणून आई पाठीला तेल लावायची, आणि आम्ही गुपचूप पाय चेपायचो." तिने मांडीवरचा पदर सारखा केला. "सगळ्यांनी मिळून एवढं जपलेलं. ते मी त्या बाईसमोर मोडू?"

मी म्हटलं, पण त्यांचं नाव लागलं असतं. तिथे कुत्र्याचं नाव आहे.

"असू दे की. तो तिथलाच होता," आत्या म्हणाली. "बाबा संध्याकाळी घरी यायचे."

 ही मागच्या सीटवर बाहेर बघत होती आणि नाक पुसत होती. टॅक्सीवाल्याने आरसा जरासा वळवला, आम्ही त्याला दिसू नये असा.

तिच्या लेकीच्या घरी पोहोचल्यावर मी आत्याला टॅक्सीतून उचलून पलंगावर ठेवलं. वजन असं काही नव्हतंच. पांघरूण घातलं, उशी नीट केली आणि निघालो. दारापर्यंत गेलो असेन, तिने हाक मारली.

"तुला कचेरीत बसायला खुर्ची आहे ना रे?"

"आहे," मी म्हटलं.

"मग बस झालं," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.